अक्षराच्या कपाळावर

भोकर, ८ सप्टेंबर २०२५

ती. गुरम्मा आत्यास,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की घरमालकीण खिडकीतून डोकावते, म्हणून पत्र. बालवाडीची नोकरी बरी आहे, खोलीही बरी. जेवण माझं मीच करते, त्यामुळे त्याला बरं म्हणवत नाही. शाळा सुटली की बोलायला कुणी नाही. परवा भाजीवालीशीही मुलांशी बोलतात तसं सावकाश, हातवारे करत बोलले.

तू इतकी वर्षं बालवाडी चालवलीस म्हणून विचारते. स्वप्नाली नावाची पाच वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात उदगीरहून आली. आई कापडाच्या दुकानात, वडील टेम्पोवर. उभी रेघ छान काढते, गोलही छान. पण वाळूच्या ताटात अक्षर काढून झालं आणि त्याच्या कपाळावर आडवी रेघ ओढ म्हटलं, की तीन बोटं टेकवून तीन रेघा ओढते. दोन बोटं मिटवून धरली तर एक, सोडली की पुन्हा तीन. मोठ्या बाई म्हणतात, पालकसभेपर्यंत जमलं नाही तर तिला लहान गटात बसवा. आधीच कुणाशी बोलत नाही; तिथं पार मिटून जाईल.

काय करू ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहो.

तुझी,
मंजुश्री

लातूर, १३ सप्टेंबर

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

बसलिंगप्पाची लेक ना गं तू? काखेत कळसा आणि गावाला वळसा. कपाळावर ओढ म्हणून तूच सांगतेस आणि पोर ओढते. लिंगायताच्या घरात कपाळावर कधी एक रेघ पाहिलीस का? तिकडं जाऊन विभूती लावायची सोडलीस वाटतं; नाहीतर आरशानंच सांगितलं असतं. त्या पोरीला घरी विभूती कोण लावतं, ते आधी विचार.

माझं ठीक आहे. माझा वीरेश पुण्याहून फोन करतो. मला शब्द कळत नाहीत, मी आपली हो हो म्हणते. परवाही हो म्हटलं. मागून शेजारच्या पार्वतम्मानं सांगितलं, दिवाळीला नाही आलो तर चालेल का, असं विचारत होता.

जेवत जा. आठवण ठेव.

आत्या

भोकर, १७ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला मी येणार आहे. आता खुशाल हो म्हण.

तुझंच खरं निघालं. स्वप्नाली दूध सुटल्यापासून उदगीरला आजोबांजवळ वाढली. अज्जा रोज अंघोळ करून आधी तिच्या कपाळाला विभूती लावायचे, मग स्वतःच्या. ते श्रावणात गेले आणि आई तिला इकडं घेऊन आली. आईबाप पहाटेच कामाला जातात. आता तिला कुणी लावत नाही, असं आईनंच सांगितलं आणि डोळे पुसले.

हे कळल्यापासून तिला चूक म्हणायला माझं तोंड उघडत नाही. सभा येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी आहे. लवकर लिही, मी वाट पाहते.

मंजुश्री

लातूर, २१ सप्टेंबर

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

चूक म्हणूच नकोस. कपाळ हा शब्द तेवढा सोड. कपाळ माणसाला असतं, अक्षराला दोरी असते म्हणून सांग. कपडे वाळत घालतो तशी अक्षरं दोरीला टांगलेली, आणि दोरी एकच. आधी खरी दोरी बांध, तिला चिमट्यानं रुमाल लावू दे. बोटांत जोरही येतो.

हे गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. घरात भांडं पडलं तरी मला ऐकू येत नाही, आणि पाडायलाही कुणी नाही. तू विचारलंस, दोन दिवस बरे गेले. असंच विचारत जा.

आत्या

भोकर, २८ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दोरी लागू पडली. काल सभेत मोठ्या बाईंनी स्वप्नालीची पाटी पाहिली. रेघ एकच, तीही सरळ. ती मोठ्या गटातच राहणार.

तिच्या आईला दुकानातून सुट्टी मिळाली नव्हती. सगळे गेल्यावर स्वप्नाली आणि मी दोघीच वर्गात तिची वाट पाहत बसलो. मी स्वप्नालीला शाबास म्हटलं, तर ती उठून माझ्यापुढं आली, दोन्ही हातांनी केस मागं सारले आणि म्हणाली, “अक्षराला दोरी झाली, बाई. मला कोन लावील?”

माझ्याजवळ विभूती कुठली? फळ्याखालची खडूची भुकटी तीन बोटांवर घेतली आणि तिच्या कपाळाला लावली. ती डोळे मिटून उभी राहिली. मग तिनं आपली तीन बोटं भुकटीत बुडवली आणि अज्जांनी स्वतःला लावावी तशी माझ्या कपाळावरून ओढली. आत्या, भोकरला आल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा मायेचा हात लागला तो हा पहिलाच. आई येऊन तिला घेऊन गेली आणि मी दार लावून खूप रडले.

रात्री तोंड धुतलं, पण कपाळाला पाणी लावलं नाही.

तुझी,
मंजुश्री