केसिंग न घातलेली बोअर

१४ जाने. २००२, सोम.
माझ्या पत्राला पेट्रोलपंपवाल्यांचं उत्तर आलं. टाकी शाबूत, गळती नाही, विहिरीवरचा तवंग 'अन्य कारणांमुळे'. जागा माझी, भाड्यानं त्यांना दिलेली. पेट्रोलच्या टाक्या त्यांच्या, जमिनीखाली. करारातलं कलम ११ मी स्वतः घातलेलं : जमीन जशी घेतली तशी परत द्यायची. तेव्हा त्यांच्या साहेबानं विचारलं होतं, "आपण एलएल.बी. का?" म्हटलं, नववी पास. खडकीच्या कारखान्यात गेज तपासतो.
विहीर स. ६ ला पाहिली. पाणी २१ फूट ४ इंचांवर. तवंग आहेच.

१६ जाने., बुध.
सदाशिव पेठेत वकिलांकडे. नकाशा, टिपणं, विहिरीच्या रोजच्या मापांची वही, सगळं चाळलं. "तुम्हीच सगळं करून आणलंय. मी नुसता कोट घालून उभा राहतो."
पण पुरावा कमी पडतो. उघडी विहीर, कोणीही कॅन ओतला म्हणतील. टाकी आणि विहीर यांच्यामध्ये बोअर घेऊन थराथराचा नमुना काढायचा, ही कल्पना माझी. वकील म्हणाले, "बघा बुवा."

१९ जाने., शनि.
बोअर झाली. मशीनवाले तमिळ, एजंट इथलाच. तो म्हणाला, "पाषाण लागेपर्यंत केसिंग पाइप घाला साहेब, चाळीस फूट तरी." मी दहावर थांबवला. पाइप खालपर्यंत घातला तर वरच्या थरातलं आत येणार कसं, नमुना मिळणार कसा? "पाणी तुमचं, मर्जी तुमची."
१८ फुटांवर मुरूम ओला. पेट्रोलचा वास धडधडीत. १२० ला पाषाणात फट, भरपूर पाणी. १६० ला बंद. बाटल्या सहा, लेबलं लावून.
हिची हाक : "आता तरी जेवा." दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२८ जाने., सोम.
दावा दाखल, कोर्टाचा 'जैसे थे' हुकूम मिळाला. आग्रह माझाच. पंपवाल्यांनी गुपचूप टाकी बदलली तर? आता कोर्टाचा कमिशनर पाहणी करीपर्यंत जागेला कोणीही हात लावायचा नाही.

१२ फेब्रु., मंगळ.
खालच्या अंगाच्या वहिनी तांब्या घेऊन आल्या. चुलतभाऊ गेल्यापासून एकट्या. आठ खोल्या भाड्यानं, हिंजवडीला कम्प्युटरवर जाणारी पोरं. "भावजी, आमच्या बोअरच्या पाण्याला कसला वास मारतोय बगा. पोरं म्हनत्यात, काकू, अंघोळ करून हापिसात गेलं की समदी इचारत्यात, गाडी नवी घेतली का."
हसल्या. मी वास घेतला. हसायला जमलं नाही. उद्या सांगतो म्हटलं.

१३ फेब्रु., बुध.
वहिनींच्या पाण्याची डिसेंबरातली बाटली कपाटात होती. मीच भरलेली, मीच तारीख घातलेली. उघडली. स्वच्छ. कालचं पाणी शेजारी ठेवलं.
त्यांची बोअर १३० फूट. टाकी कितीही वर्षं गळत असू दे, पाषाणानं सगळं वर धरून ठेवलं होतं. खाली जायला वाट नव्हती.
वाट मी केली. साडेसहा इंच व्यासाची.

१५ फेब्रु., शुक्र.
कारखान्यात गेज हातात घेतला, वास. चहाला वास. हिला विचारलं, तुला येतो का? "कसला?" हात तीनदा धुतले. साबणालाही येतो.
एजंटला विचारून आलो. सिमेंट ओतून बुजवता येईल, अर्ध्या दिवसाचं काम. पण हुकूम. माझाच हुकूम.

१८ फेब्रु., सोम.
वकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल मिटली.
"त्या बाईंच्या पाण्याच्या बाटल्या किती जणांना माहीत आहेत?"
मला.
"मग मलाही माहीत नाहीत. कमिशनर ११ मार्चला येतोय. तोवर बोललात तर ते म्हणतील, घाण जमीनमालकाच्या बोअरनं गेली. टाकी राहील बाजूला."
बोअर बुजवायची परवानगी मागू?
"मागा की. कारण लिहावं लागेल."
११ मार्च. म्हणजे अजून एकवीस दिवस ती उघडी

१९ फेब्रु., मंगळ.
वहिनींना सांगितलं, ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको, टँकर मागवा. "का वो?" म्हटलं, तपासणी चालू आहे.
"त्या पंपवाल्याचं वाटोळं हुईल. तुमी हाय म्हून बरं भावजी, न्हाईतर आमाला कोन सांगतंय."
दोन पोरं खोली सोडून गेली. मोटार चालूच होती, वापरायच्या पाण्यासाठी. ती जितकं उपसते तितकं माझ्या बोअरमधून खाली ओढलं जातं. हे बोललो नाही. नुसतं म्हणालो, मोटार कमी लावा.

२० फेब्रु., बुध.
विहिरीचं माप घेतलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२२ फेब्रु., शुक्र.
दु. ३ ला वहिनी कोरे कागद घेऊन आल्या. त्यांनाही पंपाविरुद्ध तक्रार करायची आहे. गावातले अर्ज मीच लिहितो, तेव्हा जाणार कुठं? "कारन तुमाला ठावं, तुमी लिवा. मी सही करते. पर आदी मोठ्यानं वाचून दाखवा, चष्मा न्हाई आनला."
टँकरचा हॉर्न वाजला म्हणून उठल्या. पाचला येते म्हणाल्या.
परि. १, नाव, सर्व्हे नं. परि. २, बोअरची खोली, वापरणारी माणसं. परि. ३, वास कधीपासून. तारीख बरोबर घातली आहे.
परि. ४ : 'सदर पाणी दूषित होण्याचे कारण असे की,'
स्वल्पविरामापर्यंत अक्षर नीट आलंय. वकिलांना फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही.
पाच वाजून दहा. कडी वाजते आहे.