आज सकाळची लिंबं

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. गल्लीतल्या खानावळीत सगळं ताजं, जवळपासचंच असतं. काय कोणाच्या परसातलं, ते स्वयंपाकीणबाई रोज फळ्यावर लिहितात.

आज लिहिलं होतं, "लिंबं, आज सकाळची. आईच्या मागच्या दारची."

मी हसून विचारलं, "कोणाची आई?"

"तुमचीच की," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "झोपल्या होत्या, उठवलं नाही. खोकला फार आहे हो त्यांना."

आपलं घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तुझ्याबद्दल मी त्यांच्याशी कधी बोललोही नाही.

खोकला आहे का गं तुला? मागच्या दाराला कडी घालत जा. उद्यासाठी त्यांनी पुदिना लिहिलाय, आणि पुदिन्याची कुंडी तुझ्या उशाशी असते.

तुझा,
थोरला