झिजलेली डिस्क

रविवार, ८ डिसेंबर

दादाची लाल डिस्क माझ्या टेबलावर आहे. कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. झिजलेली नाहीच.

आजारपणानंतर दादा आज पहिल्यांदाच रोडपालीच्या मैदानावर डिस्क गोल्फ, म्हणजे थाळीसारखी डिस्क लांबच्या जाळीत फेकायचा खेळ, खेळायला आला. ही डिस्क हट्टी आहे. जोरकस हातातून लांबवर सरळ जाते आणि अगदी शेवटी डावीकडे वळते. माझ्या हातून सुटल्या सुटल्याच डावीकडे कोसळते. दादा नेहमी चिडवायचा, "तुझी निघाली बघ माहेरी."

आज त्याचीही तशीच कोसळली. प्रत्येक वेळी.

"बिघडली का रे ही?"

"कडा झिजली असेल," मी म्हणालो.

तो नुसतं "हं" म्हणाला. घरी आल्यावर आठवलं, झिजलेली डिस्क डावीकडे कोसळत नाही, उलट उजवीकडे कलते; म्हणून कमी जोराच्या हातातूनही सरळ जाते. हे मला शिकवलं कोणी? त्यानेच. म्हणजे त्याला तिथेच कळलं असणार. मग मी काय म्हणायला हवं होतं? हातातला जोर गेला तुझा, असं?

मैदानावरून निघताना त्यानेच ती माझ्या पिशवीत टाकली होती. म्हणाला, "तूच ठेव. झिजलेली असली तर तुझ्या हाताला बरी."