स्टॅनमोरच्या चिमण्यांशी झालेलं भांडण

स्टॅनमोर,
एप्रिलअखेरचा रविवार

ती. नीनामावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकायला माझ्या खोलीत जागा नाही, जमिनीवर कपडे आहेत. तेव्हा तूर्त सहा अंगं धर, उरलेली दोन एडिनबराला येईन तेव्हा टेकीन.) तुझी पाठ कशी आहे? आई म्हणते, हॉस्पिटलच्या फार्मसीत तू दिवसभर उभी असतेस आणि खुर्ची दिली तर तीवर औषधांची खोकी ठेवतेस. असं करू नकोस. इकडे सगळे खुशाल. म्हणजे आई खुशाल आहे, बाबा माझ्याशी बोलत नाहीत पण खुशाल आहेत, आणि मी खुशाल नाही. म्हणूनच हे पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर मी तिसऱ्या वाक्याला चिडतो हे तूच मला सांगितलं आहेस. कागदावर चिडायला वेळ लागतो आणि तोवर चहा होतो.

बाबांचं आधी सांगतो, कारण पुढे लागेल. मी युनिव्हर्सिटी दुसऱ्या वर्षात सोडली (लॅबच्या ट्यूटरशी वाद झाला, मुद्दा माझा बरोबर होता, आवाज चुकला), तेव्हापासून बाबांची वाक्यं माझ्याकडे आईमार्फत येतात. जेवताना ते आईला म्हणतात, "त्याला म्हणावं, दूध संपलंय." आई मला म्हणते, "दूध संपलंय." मी म्हणतो, "ऐकलं." आई त्यांना म्हणते, "त्याने ऐकलं." तिघं एकाच टेबलाशी बसलेलो असतो. त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं शेवटचं वाक्य म्हणजे, "निदान ती वळचणीतली फट तरी बुजव." माझ्या खोलीच्या वर छपराखालची एक फळी कुजून तिथे मूठभर फट पडली आहे. त्यासाठी त्यांनी शिडीसुद्धा आणली. फट मी बुजवली नाही. शिडी मात्र वापरली, पण दुसऱ्याच्या घरी. तीच तर हकीकत आहे.

आमच्यापासून दोन घरं सोडून मझलआजी राहतात. त्या मुंबईच्या बेने इस्राएल ज्यू, मूळ अलिबागकडच्या, इथे येऊन पन्नासेक वर्षं झाली, पण मराठीला अजून अलिबागचं मीठ आहे. बसस्टॉपवर मी फोनवर कोणाशी तरी भांडत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "शिव्या चांगल्या देतोस. कोणाचा रे तू?" तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांच्याकडे चहाला जातो. त्यांना मराठी बोलायला माणूस हवा होता. आणि मला (मावशी, हे फक्त तुला सांगतोय, आईलासुद्धा नाही) त्यांची नात अयेलेत घरात असेल अशा वेळी त्या घरात असायचं होतं. अयेलेत हॅरोला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर हॅरोभरच्या लोकांच्या डोळ्यांत इतक्या जवळून पाहते, की घरी आल्यावर माझ्या डोळ्यांत पाहायची तिला अजिबात हौस उरत नाही. मी चष्मा लागल्याचं सोंग करून एकदा अपॉइंटमेंट घेतली होती. माझी दृष्टी उत्तम निघाली. तिला मराठी येत नाही. एकच वाक्य येतं, ते पुढे सांगतो.

तर पेसाखच्या, म्हणजे ज्यूंच्या वसंतातल्या सणाला ते सगळं घर मँचेस्टरला तिच्या आत्याकडे गेलं. जाताना अयेलेतने मला बागेच्या फाटकाची किल्ली दिली. (तशी ती प्लंबरलाही देते. मला माहीत आहे.) टोमॅटोच्या रोपांना पाणी घाल आणि मागच्या भिंतीवरच्या पक्ष्यांच्या घरट्याच्या पेटीकडे नुसतं लक्ष ठेव, चार वर्षं वाट पाहतेय, यंदा कोणीतरी राहायला येईल असं वाटतंय, एवढंच म्हणाली. आता ही मुलगी चहा पिते त्या मगावर निळ्या-पिवळ्या ब्लू टिटचं चित्र आहे. तिच्या मोबाईलच्या कव्हरवर तोच पक्षी. मी मनाशी पक्कं केलं की चार वर्षं वाट पाहिली ती त्याचीच. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण प्रेमात माणूस विचारत नाही, ओळखतो. निदान माझा तसा समज होता.

दुसऱ्या दिवशी रोपांना पाणी घालायला गेलो, तर त्या पेटीत (एकच लांबट पेटी, तिला चाळीसारखी ओळीने तीन दारं) चक्क एक चिमणा आणि चिमणी गवताच्या काड्या भरत होते. पुण्यात आमच्या गॅलरीत यायचे तेच, तसेच मळकट, तसेच भांडखोर. माझं डोकं फिरलं. अयेलेतच्या ब्लू टिटची जागा बळकावतात म्हणजे काय? तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर शोधलं. आणि मावशी, एवढ्या लोकांना चिमणीचा इतका राग येतो हे मला माहीतच नव्हतं. ही उपरी जात आहे, ही स्थानिक पक्ष्यांची घरं लुटते, पिल्लं मारते, हिला दया दाखवाल तर स्थानिक पक्षी गमवाल. माणसं पेट्यांशेजारी उभी राहून व्हिडिओत तळमळून बोलत होती. काय काय करायचं तेही सांगत होती: पेटीवर चंदेरी झिरमिळ्या लावा, दाराशी मासे धरायची नायलॉनची तंगूस ताणून बांधा, घरटं दिसलं की काढून टाका, पुन्हा बांधलं तर पुन्हा काढा, माया करू नका. ती सगळी माणसं अमेरिकेतली होती, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ काय होतो हे मात्र पाहिलं नाही.

मी बाबांची शिडी आणली. चिवट होते गं दोघं. मी झिरमिळ्या लावल्या, तर ते एक दिवस घाबरून दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच बसले. तंगूस बांधली, तर पंख मिटून मधून आत शिरले. मग मी पेटीचं झाकण उघडून घरटं बाहेर काढलं. आत गवत, कबुतराची पिसं, कोणाच्या तरी कार्डिगनची लोकर होती. अंडी नव्हती. दोनदा पाहिलं. (हे वाक्य मी आता रोज स्वतःला सांगतो.) त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं, मी पुन्हा काढलं. या सगळ्या काळात मी त्यांच्याशी बोलत होतो, म्हणजे ओरडत होतो, आणि अर्थात मराठीत, कारण स्टॅनमोरमध्ये आपल्या शेजाऱ्यांना कळणार नाही अशी तेवढी एकच भाषा मला चांगली येते. "निघा! तुमच्या बापाची जागा आहे का ही? आलात तिथे परत जा!" शेवटी दोघं गेले. मी शिडीवरून उतरलो तेव्हा, खरं सांगतो, मला नोकरी लागल्यासारखं वाटलं.

आता ऐक. त्या पेटीत कॅमेरा होता.

झाकणाच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढा. आवाजासकट. आजींना चहा पिता पिता बघता यावं म्हणून अयेलेतने फेब्रुवारीत बसवला होता. सणाचे पहिले दोन दिवस आणि यंदा त्याला लागून आलेला शनिवार ते लोक मोबाईलला हात लावत नाहीत. चौथ्या दिवशी अख्खं घर कौतुकाने एका मोबाईलभोवती जमलं, साठलेलं रेकॉर्डिंग पाहायला. आणि त्यांना काय दिसलं, तर माझं नाक. मग माझा हात. मग काहीच नाही. आणि ओरडणं कळेना म्हणून सगळ्यांनी आजींकडे पाहिलं, तर आजींनी ते अलिबागी निष्ठेने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.

परत आल्यावर अयेलेत चिडली असती तर मला चाललं असतं, चिडण्यात मी तयार आहे. ती चिडली नाही. ज्या आवाजात ती लोकांना मोतीबिंदू आहे असं सांगते, त्या आवाजात तिने मला सांगितलं की अमेरिकेत ही चिमणी उपरी आहे, कारण ती इथूनच जहाजातून तिकडे नेली. इथे ती इथलीच आहे, आणि लंडनमधून ती इतकी नाहीशी झाली आहे की तिचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. ती लांबट तीन दारांची पेटी चिमण्यांसाठीच असते, कारण त्यांना शेजार लागतो. ब्लू टिटचा मग तिला दुकानातल्या कोणीतरी ख्रिसमसला दिला होता. आणि बांधकाम चालू असलेलं घरटं मोडणं हासुद्धा इथे गुन्हा आहे. एवढं सांगून तिने किल्ली मागितली.

आजी तेवढ्या म्हणाल्या, "काय रे, चिमणीला हाकलायला पुण्याहून आलास होय?" मी म्हटलं, आजी, मी तुमच्याच बाजूने लढत होतो. त्या म्हणाल्या, "आमची बाजू तुला कोणी सांगितली?" मग त्यांनी चहा दिला. (त्या रागावल्या तरी चहा देतात, साखर मात्र घालत नाहीत.) आणि सांगितलं की अयेलेत लहान असताना त्या तिला घास भरवायच्या, हा घास काऊचा, हा घास चिऊचा, जसं सगळे भरवतात तसं. पण चिऊच्या घासाला पोर खिडकीबाहेर बघायची आणि बागेत चिऊ नसायची. आजी कबुतर दाखवायच्या. पोर म्हणायची, ही चिऊ नव्हे, आणि तोंड मिटून घ्यायची. अयेलेतला जे एकच मराठी वाक्य येतं ते हेच, "हा घास चिऊचा." कमवायला लागल्यावर तिने पहिली कुठली वस्तू आणली, तर ती पेटी. आजीच्या घासाला खरी चिऊ मिळावी म्हणून. चार वसंत ती रिकामी होती.

मावशी, पाचव्या वसंतात मी आलो.

मला तूही भरवायचीस, आठवतं? तुझी अपूर्वा गॅलरीतून चिमण्यांना हाका मारायची आणि चिऊचा घास म्हणून जो यायचा, तो शेवटी मीच खायचो. म्हणजे तेव्हापासूनच मी त्यांच्या वाटणीचं खात आलोय. आणि दुसरं एक आठवतं, ते कोणाला सांगितलेलं नाही. अकरा वर्षांचा असताना इथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एका मुलाने मला जेवणाच्या रांगेत सांगितलं होतं की आलास तिथे परत जा. मला इंग्रजी धड कळत नव्हतं, तेवढं मात्र कळलं. कळायला भाषा लागतच नाही, उभं राहायची पद्धत पुरते. मी शिडीवर तसाच उभा होतो. त्या मुलाची खात्री होती की तो स्वतःचं घर सांभाळतोय. माझीही होती. या गोष्टीचा मी बराच विचार केला आणि काही निष्कर्ष निघाला नाही, फक्त पुढच्या वेळी ओरडण्याआधी मी थोडा थांबेन असं वाटतं. थोडाच. एकदम जास्त कबूल करत नाही.

नंतर मी काढलेलं सगळं गवत कचऱ्याच्या डब्यातून शोधून, वाळवून, पिशवीत भरून आजींच्या दारात ठेवून आलो. अयेलेतने ते पेटीखाली पसरलं. चिमण्या आल्या नाहीत. अयेलेत म्हणाली, त्या परत येईपर्यंत बुधवारी मी नाही आलो तरी चालेल. मी तिला दोष देत नाही. पेटीला तीन दारं आहेत आणि तिन्ही रिकामी आहेत, हे मी कुंपणावरून रोज बघतो.

असो. पाठीला शेक दे. आईचा तुला नमस्कार, बाबांचाही असणार, आईमार्फत येईल.

तुझा,
सुश्रुत

ता. क. पत्र इथे संपायला हवं होतं, पण ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. मंगळवारी सकाळी माझ्या छतामागे किलबिल ऐकू आली. आधी वाटलं बाबांचा रेडिओ. बाहेर जाऊन पाहिलं, तर आमच्या वळचणीतल्या फटीत एक चिमणा शिरत होता आणि त्याच्या चोचीत माझीच चंदेरी झिरमिळी होती. मावशी, तेच ते दोघं! मी ज्याने त्यांना घाबरवलं त्याचाच त्यांनी पडदा केलाय. पण बाबांनी शेवटी कंटाळून फट बुजवायला शुक्रवारी छप्पर दुरुस्त करणारा रूफर बोलावला आहे. मी सांगायला गेलो, "बाबा, ती फट..." तर ते आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, आता माणूस बोलावलाय." जगात बाबा फक्त तुझं ऐकतात (का, ते आई सांगत नाही). गुरुवारच्या आत त्यांना फोन कर. घरटं चालू असताना फट बुजवणं कायद्याविरुद्ध आहे एवढं म्हण, रिकाम्या रस्त्यावरही ते लाल सिग्नलला थांबतात. पिल्लं उडाली की शरद ऋतूत फट मी स्वतः बुजवीन आणि तिथे पेटी लावीन. अयेलेतचं नाव मात्र काढू नकोस.

ता. क. २. हे आजींच्या टेबलाशी बसून लिहितोय. माझं मराठी गंजलंय, तेव्हा शुद्धलेखन तपासा म्हणून पत्र त्यांच्याकडे आणलं. आजींना मनात वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं. समोर अयेलेत जेवत होती. तिला काही कळलं नाही, पण स्वतःचं नाव फारच वेळा आलं हे कळलं, आणि तिने आजींना विचारलं की यात मी इतकी का आहे. आजींनी भाषांतर केलं. चिमण्यांचा भाग त्यांनी थोडक्यात आटोपला, बाकीचा नाही. मी तेवढा वेळ त्यांच्या फ्रिजवरची मॅग्नेटं वाचत होतो. मग अयेलेतने स्वतःच्या पोळीचा तुकडा मोडला, माझ्या बशीत ठेवला आणि तिला येतं ते वाक्य म्हणाली. आणि म्हणाली, ती फट मला दाखव. आम्ही आता बघायला निघालोय, बाबा पुढच्या बागेतच आहेत. तेव्हा गुरुवारची वाट पाहू नकोस, पत्र मिळताच फोन कर. आणि वर लिहिलंय ना, अयेलेतचं नाव काढू नकोस म्हणून?

काढ.