डावीकडून तिसरी मुलगी

३ मार्च २००४

झानिसला पिरेयस बंदरात बोटीचा पंप आणायला पाठवलं, आणि नवरोबा पंपाऐवजी जुन्या बाजारातून पोस्टकार्ड घेऊन आले! आपली कापडगिरणी म्हणे. उंच, गोल धुरांडं, लोखंडी फाटक आणि फाटकापुढे एप्रन बांधून ओळीने उभ्या पोरी. खालची नावाची पट्टी कुणीतरी चौकटीसाठी कापून टाकलेली. "विकणारा म्हणाला, आपल्या सीरोस बेटावरचीच." तो काय, म्हणेलच! पण आहे सुंदर. गिरणीच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. आमच्या कॉफीच्या दुकानात यंत्रावर टांगलं.

६ मार्च

दुकानात जत्रा! जो येतो तो आपली आजी शोधतो. खाटीक म्हणाला, "ही माझी. नाक बघा!" मासळीवाली पेरिना म्हणाली, "चल रे! आजीचं नाक एवढं सरळ असतं तर तू असा निघाला असतास?" कॉफी मात्र धो धो खपतेय.

९ मार्च

वरच्या गल्लीतल्या रुसेतामावशीचा भाचा योसिफ पिरेयसहून आला होता. त्याची आई, म्हणजे मावशीची बहीण, गेल्यापासून मावशी एकटीच. त्र्याऐंशी वय. खिडक्यासुद्धा उघडत नाही. परवा गॅस चालू ठेवून झोपली. "ईस्टर झाला की तिकडच्या वृद्धाश्रमात नेतो," म्हणाला. वाईट माणूस नाही. बोलताना हातातली टोपी चुरगळत होता. पण मला कसंसंच झालं.

मावशी लहानपणापासून गिरणीत होती. तिला पोस्टकार्ड दाखवलं तर?

१० मार्च

आणली! झानिसच्या दंडाला धरून, कुरकुरत. "उजेड फार आहे. कॉफी पांचट आहे." पोस्टकार्ड हातात दिलं. अगदी नाकाशी नेऊन बघत राहिली. मग बोट टेकवलं –

"डावीकडून तिसरी. ही मी."

अंगावर काटा आला. पेरिना तर रडलीच.

"आणि शेजारची कोण, मावशी?"

"मारगारो. मुकादमाच्या डब्यातलं चीज चोरायची भवानी. आणि मार कुणाला? मला!"

१८ मार्च

मावशी रोज हजर. खिडकीजवळची खुर्ची तिची. दुसरं कुणी बसलं तर काठी आपटते. रोज नवी गोष्ट – मागात अडकलेली वेणी, संपात मालकाच्या घोड्याला बांधलेला एप्रन. शाळेतल्या बाई मुलांना घेऊन आल्या. काल तर केस कापून आली! खाटकाच्या बायकोने आणि मी मिळून तिचा गॅस काढून टाकला, विजेची शेगडी बसवली. शिव्या खाल्ल्या.

२७ मार्च

पंप आला एकदाचा. चुकीचा!

३ एप्रिल

घोटाळा! बोटीतून उतरलेला एक व्होलोस शहरातला गृहस्थ कॉफी पिता पिता म्हणाला, "अरे, आमची गिरणी! इथे कशी?"

मी हसले. "तुमची नाही हो, आमची."

"बाई, हे धुरांडं माझ्या सज्ज्यातून दिसतं. याच फाटकापाशी माझं लग्न ठरलं!"

नशीब, मावशी चर्चमध्ये होती, पेरिना बाजारात. फक्त झानिसला सांगितलं.

"मग मावशी खोटं बोलते?"

"तिला खरंच तसं वाटत असेल. वय झालंय रे."

"आणि योसिफ?"

तेच तर! परक्या पोरीत ती स्वतःला बघते हे कळलं, तर उद्याच उचलून नेईल. आणि त्याचंच बरोबर असलं तर? मला तिची काळजी आहे, की दुकानाची करमणूक जाईल याची? झानिसने माझ्यापुढे कॉफी ठेवली. खरंच पांचट होती.

११ एप्रिल, ईस्टर

योसिफ बायकोसकट आला. मावशीने ईस्टरची लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडायच्या खेळात सगळ्यांना हरवलं आणि वर नाचली! योसिफने मला बाजूला घेतलं. "अग्नेसा, ही माझीच मावशी ना? डोकं ताळ्यावर आहे ना तिचं?"

खरं काय ते ओठांवर आलं होतं. म्हटलं, "तिच्या आठवणींची हमी मी देत नाही. तिच्या शेगडीची, जेवणाची, हसण्याची देते. आम्ही सगळे आहोत."

त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "राहू दे तिला इथेच."

माझेच डोळे भरून आले. मेला, शहाणा निघाला!

१४ एप्रिल

मावशीला घरी सोडायला गेले. दाराशी म्हणाली, "काय लपवतेस गं? तोंड बघ तुझं." सांगून टाकलं. ती खुदकन हसली. "अगं, आमचं धुरांडं चौकोनी होतं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग ती मुलगी?"

"कोण जाणे! पण तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, अग्नेसा. किती वर्षांनी कुणीतरी बघत होतं."