वॉटर कूलिंग नको

ताई,

आईला प्लास्टर दाखवायला घेऊन जातोय. कुकरमध्ये भात आहे, जेवून घे.

दुपारी केबिन रोडवरचा कॉम्प्युटरवाला फॅनऐवजी बिनआवाजाचं वॉटर कूलिंग बसवायला येईल, त्याला परत पाठव. कॉम्प्युटरच्या फॅनच्या आवाजात आईची हाक ऐकूच आली नाही, असं मी म्हणालो, म्हणून तू हे ठरवलंस. पण फॅनचा काही दोष नाही गं. आई बाथरूममध्ये पडली तेव्हा मला हाक ऐकू आली होती. "आलो, आलो" म्हणत मी आधी गेम संपवला.

माझं "आलो" आईला ऐकू गेलं होतं. तरी घरी येईल त्याला ती फॅनचंच सांगतेय.

संघर्ष