नुसतं बसायला

मी, श्रीमती कमलम्मा सिद्रामप्पा उजळंबे, वय ७२, पूर्वी विद्यार्थ्यांची खानावळ चालवणारी, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप करायला दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत मजकूर गंजगोलाईच्या बाजारात पोचला असता. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा रविकिरण म्हणेल की डॉक्टरला फितवलं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचाही जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायलाही माणसाला घरी यावं लागतं.

१. बँकेतील ठेव रविकिरण आणि कंधारला दिलेली मुलगी शिवकन्या यांनी निम्मी निम्मी घ्यावी. यात मायेचा हिशोब नाही. एकाला जास्त दिलं असतं तर कोर्टात जायला मात्र दुसऱ्याला बरोबर वेळ मिळाला असता.

२. खानावळीची भांडी, म्हणजे पराती, मोठी पातेली आणि बिडाचे तवे, शिवकन्येला. ती रोज फोन करते हे मान्य आहे. पण तिकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि माझं वाक्य संपायच्या आत ती "हाव, हाव" म्हणते. एकदा मी मुद्दाम सांगितलं की परवा मी मेले. "हाव अव्वा, काळजी घे," म्हणाली. भांडी घासूनच न्यावीत.

३. रविकिरण क्लास चालवतो. रिंगरोडवर त्याचा फोटो असलेला फलक आहे, "आयुष्यात आधी काय, हे ठरवा." पोरांना तो वेळेचं नियोजन शिकवतो. त्याच्या नियोजनात मी कुठल्या रकान्यात आहे हे मी विचारलेलं नाही, कारण रकाना असेल याचीच खात्री नाही. गेल्या दिवाळीला पेढे घेऊन आला, तेव्हा पाया पडायच्या आधी बाहेर उभं राहून घराची रुंदी न्याहाळत होता. वर मजले चढवून मुलींचं होस्टेल काढायचं त्याच्या मनात आहे. पेढे मी शेजारी देऊन टाकले.

४. अंत्यविधी. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीशी बसवतात, भजन होतं, आणि बसवूनच समाधी देतात. बसवलेला देह कलतो, म्हणून कोणीतरी जवळ बसून पाठीला हात द्यावा लागतो. यजमान गेले तेव्हा हा मान रविकिरणचा होता. त्याने थोडा वेळ हात दिला, मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अव्वा, आनखी किती वेळ? चारची बॅच हाय." आणि उठला. त्याची बायको शिवांगी पुढे झाली. न्यायची वेळ होईपर्यंत तिने हात काढला नाही. मला वाटलं, हिचा डोळा त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर आहे. लिंग त्यांच्या तळहातावर ठेवून डबी मी आधीच कमरेला खोचली होती.

माझ्या वेळी पाठीला हात कोणी द्यायचा, ते पुढे लिहिलं आहे.

५. खानावळ मी बंद केली ती बसायला वेळ मिळावा म्हणून. जन्मभर चुलीपुढे उभी होते. वेळ मिळाला, पण सोबत बसायला कोणी नव्हतं. तेव्हापासून शिवांगी रोज दुपारी येते. चहा पिते, शेंगा सोलते, नुसती बसते. काही मागत नाही. न मागणाऱ्या माणसाची मला फार धास्ती वाटते. ती गेल्यावर मी कपाट तपासायची. कागदांची पिशवी तांदळाच्या डब्यात हलवली. एकही वस्तू जागची हलली नव्हती, त्यामुळे संशय वाढला. शेवटी तोंडावर विचारलं, "काय पायजे गं तुला? घर?"

"न्हाई, आत्याबाई. घरी समदे घड्याळाकडं बघून बोलतेत. तुम्ही माझ्याकडं बघता."

मी बघत होते हे खरं आहे. नजर ठेवून होते. तरी ते ऐकून मला रडू आलं. माणसाला रडवून सह्या घेतात, हेही मला ठाऊक आहे.

६. घर या मृत्युपत्रात नाही, शोधू नये. ते आज बक्षीसपत्र नोंदवून शिवांगीला देऊन टाकलं. लोक म्हणतील, म्हातारी भुलली. भुललेली नाही. मेल्यावर दिलं असतं तर ती कशासाठी येत होती हे मला कधीच कळलं नसतं. राहिलेल्या दिवसांत मला तेवढं एकच कळायला हवं आहे, बाकी सगळं मागे पडलं. आता माझ्याकडून तिला मिळण्यासारखं काही उरलं नाही. तरीही ती येत राहिली, तर माझ्या पाठीला हात तिनेच द्यावा. येणं थांबलं, तर मला भिंतीला टेकवावं. भिंतीला बॅच नसते.

नोंदणी कार्यालयात आमची सगळी दुपार गेली. बाहेर पडताना ती म्हणाली, "आत्याबाई, आज बसनं राहूनच गेलं." बोलायला काय जातंय. उद्या दुपारी मी दाराची कडी काढून ठेवणार आहे.

साक्षीदारांना मजकूर वाचू दिलेला नाही. त्यांच्या नावे काही ठेवलेलंही नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं. माझ्यासमोर त्यांनी आणि त्यांच्यासमोर मी सही केली.

साक्षीदार :
१. तारामती भागवत सूर्यवंशी, शेजारीण (सही)
२. अमृतराव शेषेराव पाटील, निवृत्त शिक्षक (सही)

स्थळ : लातूर
दिनांक : १२ सप्टेंबर २०२४

कमलम्मा सिद्रामप्पा उजळंबे
(सही)